अमेरिकी ‘ॲडल्ट्स ओन्ली’ पोस्टरं: ओळखायची कशी, उघडायची कशी, टिकवायची कशी

साधारण १९५९ ते १९८५ या काळात अमेरिकेत ‘फक्त प्रौढांसाठी’ म्हणून जे सिनेमे लागले, त्यांची पोस्टरं एक-दोन आठवड्यांच्या कामापुरती छापलेली असत. सिनेमा उतरला की ती कचऱ्यात जायची. मोठ्या स्टुडिओंच्या पोस्टरांना संग्रहालयं आणि ग्रंथालयं मिळाली. यांना मात्र इंडियाना विद्यापीठातल्या, लैंगिकतेवर संशोधन करणाऱ्या किन्झी इन्स्टिट्यूटसारखे मोजके अपवाद सोडले तर फारसं कुणी जवळ केलं नाही. त्यामुळे आज जे काही उरलं आहे, ते बहुतेक खासगी लोकांच्या कपाटात आहे. तुमच्या हातात एखादं पोस्टर आलं तर त्या सिनेमाच्या जाहिरातीचा तो शेवटच्या काही पुराव्यांपैकी एक असू शकतो, आणि एका चुकीच्या चिकटपट्टीने तो कायमचा बिघडू शकतो.

नवखा माणूस आधी चित्र बघतो: भडक अक्षरं, गुलाबी-नारिंगी रंग, चमचमीत ओळी. तुम्ही क्रम उलटा धरा. आधी कागद, मग छपाई, मग खालच्या कडेचा बारीक मजकूर, आणि चित्र सगळ्यात शेवटी.

आधी एक शाखा निवडा

‘जुनी प्रौढ पोस्टरं’ हा एकच ढीग नाही. १९५९च्या ‘द इमॉरल मिस्टर टीज’पासून नग्नतेचे हलकेफुलके विनोदी सिनेमे सुरू झाले. साठच्या दशकाच्या मध्यावर हिंसा आणि लैंगिकता एकत्र कालवलेले काळे-पांढरे स्वस्त सिनेमे आले. त्याच सुमारास युरोपातून आणलेले, नव्या इंग्रजी नावाने लावलेले सिनेमेही होते. जून १९७२मध्ये न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअर भागात ‘डीप थ्रोट’ लागला आणि उघड प्रौढ सिनेमा वर्तमानपत्रांच्या चर्चेत आला. ऐंशीच्या दशकात व्हिडिओ कॅसेट घरोघर पोचली, थिएटरं बंद पडली आणि मोठी पोस्टरंही थांबली. सुरुवातीला यातला एकच तुकडा घ्या. साठच्या दशकातली काळी-पांढरी किंवा दोनरंगी पोस्टरं नवख्यासाठी उत्तम. चित्रात उघडंवाघडं फार कमी असतं, अक्षररचना जोरदार असते, आणि बनावट प्रती प्रसिद्ध नावांच्या मानाने कमी असतात.

आकार पाठ करून टाका. मुख्य पोस्टर म्हणजे वन-शीट, २७ बाय ४१ इंच. ऐंशीच्या दशकाच्या मध्यानंतर ते २७ बाय ४० झालं. लॉबी कार्ड ११ बाय १४ इंच, जाड कागदावर, बहुधा ८चा संच. इन्सर्ट १४ बाय ३६, हाफ-शीट २२ बाय २८. छोट्या वितरकांना एवढं सगळं परवडत नसे. अनेक सिनेमांसाठी फक्त वन-शीट आणि एक प्रेसबुक एवढंच निघालं. प्रेसबुक म्हणजे थिएटरमालकासाठीची माहितीपुस्तिका. तिच्यात वर्तमानपत्रात द्यायच्या जाहिराती वेगवेगळ्या मापांत असत, आणि बरेचदा एक सौम्य आणि एक धीट असे दोन नमुने. प्रेसबुक मिळालं तर सोडू नका. पोस्टर खरं कसं दिसत होतं हे ठरवायला त्याच्याइतका भरवशाचा दाखला दुसरा नाही.

हत्यारं

दहापट भिंग, स्टीलची मोजपट्टी (किमान १ मीटर), छोटी टॉर्च, ३६५ नॅनोमीटरचा अतिनील दिवा, मऊ रुंद ब्रश, टीपकागदाचे मोठे ताव, आर्द्रतामापक. हात साबणाने धुऊन कोरडे केलेले असले की पुरे. सुती हातमोजे घालू नका. बोटांना कागदाचा अंदाज येत नाही आणि फाटलेली कड मोज्याच्या धाग्यात अडकते.

अस्सल की पुनर्मुद्रण

पहिली तपासणी मापाची. २४ बाय ३६ किंवा ११ बाय १७ इंच निघालं तर ते बहुधा नंतरचं आहे. २७ बाय ४० असेल आणि सिनेमा १९७०चा असेल, तर कडा कापल्या आहेत का ते बघा. कापल्या नसतील तर संशय पक्का.

दुसरी घडीची. त्या काळची वन-शीट छापखान्यातूनच घडी होऊन निघत: तीन आडव्या घड्या, एक उभी, एकूण आठ चौकोन. घडी केलेलं पोस्टर साधारण साडेतेरा बाय सव्वादहा इंचांचं होतं. छापील बाजू आत, कोरी पाठ बाहेर. यातून दोन खुणा तयार होतात, आणि त्यांची नक्कल करणं अवघड आहे. एक, पाठीमागचे जे दोन चौकोन वर्षानुवर्षं बाहेर राहिले ते बाकीच्या सहांपेक्षा जास्त पिवळट किंवा तपकिरी असतात, आणि त्यांच्यावरच सिनेमाचं नाव शिक्क्याने किंवा हाताने लिहिलेलं असतं. दोन, जिथे उभी आणि आडवी घडी एकमेकींना छेदतात, त्या तीन चौकांत कागद सगळ्यात जास्त झिजतो आणि बारीक भोक पडतं. टॉर्च टेबलाच्या पातळीवर आडवी धरा. खऱ्या घडीवर शाई तडकलेली आणि पांढरे तंतू वर आलेले दिसतात. पुनर्मुद्रणात घडीची रेघ चित्राबरोबरच स्कॅन होऊन छापलेली असते, बोट फिरवलं तर तिथे गुळगुळीत लागतं. चहाच्या पाण्यात बुडवून ‘जुना’ केलेला कागद दोन्ही बाजूंनी सारखाच तपकिरी होतो. खरा कागद कडेकडून आत पिकत येतो.

तिसरी तपासणी भिंगाची, आणि निकाल बहुतेक इथेच लागतो. सगळ्यात खालची बारीक श्रेयनामावली बघा. अस्सल ऑफसेट छपाईत काळी अक्षरं सलग काळ्या शाईची असतात, कड धारदार. छापील पोस्टर स्कॅन करून पुन्हा छापलं की अक्षरंसुद्धा ठिपक्यांची होतात, कड विस्कटते. मग रंगाचा सपाट भाग बघा. कमी खर्चातल्या पोस्टरांत गुलाबी किंवा नारिंगी ही वेगळी मिसळलेली एकच शाई असे, भिंगाखाली ती सलग दिसते. तोच नारिंगी जर किरमिजी आणि पिवळ्या ठिपक्यांनी बनलेला दिसला, तर पोस्टर नंतरचं समजा. मात्र पूर्ण चाररंगी छायाचित्र असलेल्या अस्सल पोस्टरात ठिपक्यांच्या नियमित फुल्या असणारच, त्यांना घाबरू नका. इंकजेटचे ठिपके मात्र विस्कळीत, पिचकारी मारल्यासारखे पडलेले असतात.

अतिनील दिव्याबद्दल एक गैरसमज पक्का बसला आहे: ‘कागद निळा चमकला म्हणजे नकली.’ पन्नासच्या दशकापासून कागदात चमक आणणारी द्रव्यं घालायला लागले, त्यामुळे १९७४चं अस्सल पोस्टरही चमकू शकतं. या पोस्टरांवर दिव्याचा खरा उपयोग दुरुस्ती शोधायला होतो. नंतर भरलेला रंग, डिंक, पाठीची पट्टी आजूबाजूच्या कागदापेक्षा वेगळी उजळतात किंवा काळी पडतात.

खालच्या कडेवरून साल

१९४० ते साधारण १९८५ पर्यंत अमेरिकेतली बहुतेक पोस्टरं नॅशनल स्क्रीन सर्व्हिस ही संस्था थिएटरांना पुरवत असे. अशा पोस्टरांच्या खाली उजवीकडे ७२/१४५ अशा पद्धतीचा आकडा असतो: आधी साल, मग क्रमांक. आधी आर असेल तर ते पुन:प्रदर्शनाचं पोस्टर. पण प्रौढ सिनेमांचे छोटे वितरक या संस्थेकडे जातच नसत. आकडा नाही म्हणून पोस्टर नकली ठरवू नका. इथे आकडा नसणं हेच नेहमीचं.

मग साल कसं लावायचं? तीन सोप्या खुणा आहेत. कुठला सिनेमा कोणत्या वयासाठी हे सांगणारं मानांकन १ नोव्हेंबर १९६८पासून सुरू झालं, त्यात एक्स म्हणजे फक्त प्रौढांसाठी. त्याआधीच्या पोस्टरावर ‘ॲडल्ट्स ओन्ली’ असे, एक्स नसे. एक्स हे अक्षर व्यापारचिन्ह म्हणून नोंदवलेलं नव्हतं, त्यामुळे ते कुणीही स्वतःहून लावू शकत होता. तीन एक्स तर निव्वळ जाहिरातबाजी, तसं मानांकन कधी नव्हतंच. दुसरी खूण वितरकाच्या पत्त्याची: पाच आकडी झिप कोड १ जुलै १९६३पासून आला, तो दिसला तर पोस्टर त्यानंतरचं. तिसरी खूण छापखाना कामगार संघटनेच्या चिमुकल्या शिक्क्याची, तो भिंगाशिवाय दिसत नाही. त्यात जीएआययू असेल तर १९७२ ते १९८३, जीसीआययू असेल तर १९८३ नंतर. हा शिक्का नीट वाचायची सवय लावून घ्या. नाव बदलून तोच सिनेमा पाच वर्षांनी पुन्हा लावायची इथे रीतच होती, आणि ‘पहिलं प्रदर्शन’ म्हणून विकलं जाणारं पोस्टर या शिक्क्यामुळेच उघडं पडतं.

कधी कधी शीर्षकावर कागदाची पट्टी चिकटवलेली असते, किंवा छाती-मांडीवर काळ्या मार्करने रंगवलेलं असतं. पट्टी नव्या नावासाठी किंवा मानांकनासाठी असे. मार्कर थिएटरवाल्याने गावातल्या पोलिसांच्या किंवा वर्तमानपत्राच्या धाकाने मारलेला असे, विशेषतः अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या जून १९७३च्या मिलर निकालानंतर, कारण अश्लीलता स्थानिक समाजाच्या मापाने ठरवायची असं त्या निकालाने सांगितलं. हे दोन्ही काढायचा प्रयत्न करू नका. पट्टी हा त्या पोस्टराच्या इतिहासाचा भाग आहे, आणि मार्करची शाई विद्रावकाने निघण्याऐवजी पसरते.

विकत घेताना

विक्रेत्याकडे सहा फोटो मागा: पूर्ण पुढची बाजू, पूर्ण पाठ, मधला चौक जवळून, खालची कड जवळून, आडव्या प्रकाशातला एक, आणि मोजपट्टी लावलेला एक. पाठीचा फोटो द्यायला टाळाटाळ करणाऱ्याकडून घेऊ नका. पाठीवरच्या चिकटपट्ट्या पुढून दिसत नाहीत आणि भावातला निम्मा फरक तिथेच असतो. निळसर झालेलं पोस्टर उन्हात लटकलेलं असतं, कारण पिवळी आणि किरमिजी शाई आधी उडते, निळी आणि काळी मागे राहते. हा दोष कुठल्याही दुरुस्तीने भरून येत नाही. टाचणीची भोकं आणि थिएटरचा शिक्का यांनी मात्र बिचकू नका, ती वापराची खूण आहे. भाव ठरवताना विक्रेत्यांनी मागितलेले आकडे सोडून द्या आणि लिलावगृहांच्या जुन्या निकालांत प्रत्यक्ष विकले गेलेले आकडे बघा. हेरिटेजसारख्या लिलावगृहाची जुनी यादी नाव नोंदवून बघता येते.

घडीचं पोस्टर घडीतच मागवा, दोन कडक पुठ्ठ्यांमध्ये सपाट. ‘गुंडाळून पाठवतो’ म्हटलं तर नको म्हणा. घड्या पडलेला कागद नळीत गुंडाळला की चौक फाटतात.

भारतात राहणाऱ्यांनी कायदा आधी समजून घ्यावा. अश्लील छापील वस्तूंच्या आयातीला १९६४च्या सीमाशुल्क अधिसूचनेने मनाई आहे, आणि पार्सल उघडणारा अधिकारी कलेचा इतिहास बघत नाही, समोरचं चित्र बघतो. भारतीय न्याय संहितेचं कलम २९४ अश्लील वस्तू विकणं, वाटणं, जाहीरपणे मांडणं, विक्रीसाठी बाळगणं आणि आयात-निर्यात करणं यांना लागू होतं. असे फोटो ऑनलाइन टाकण्याला माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६७ आहे. म्हणून इथे राहून संग्रह करायचा तर अक्षरप्रधान आणि सौम्य चित्रांची पोस्टरंच धरा, आणि शंका असेल तिथे वकिलाला विचारा. अमेरिकेत किंवा युरोपात राहणाऱ्या मराठी मंडळींनी भारतात परतताना सामानात काय आहे याचा हाच विचार करावा. आणखी एक नियम सगळीकडे सारखा: चित्रातली व्यक्ती अठरा वर्षांखालची असावी अशी नुसती शंका आली तरी ती वस्तू घ्यायची नाही, ठेवायची नाही.

घडी उघडणं

पार्सल आलं की लगेच उघडून भिंतीवर धरायचा मोह होतो. पोस्टर सर्वांत जास्त फाटतं ते याच क्षणी. या कागदात लाकडाचा लगदा भरपूर, त्यातल्या लिग्निनमुळे आणि तुरटीच्या खळीमुळे तो आम्लधर्मी होतो आणि तंतू ठिसूळ पडतात. न उलगडलेली घडी ही ठिसूळपणाची सर्वांत कच्ची जागा.

आधी पाकीट एक दिवस तसंच खोलीत ठेवा. खोलीची आर्द्रता ५० ते ५५ टक्के असावी. नागपूर-चंद्रपूरकडे एप्रिल-मेमध्ये ती पार खाली जाते, तेव्हा घडी उघडली तर कागद कडाडतो. कोकणात आणि मुंबईत जुलैमध्ये ती ८०च्या वर असते, तेव्हा कागद मऊ पडतो पण बुरशीला वाट मिळते. दिवाळीनंतरचे दिवस महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी चांगले.

स्वच्छ टेबलावर टीपकागद अंथरा. घडी हवेत धरून उघडू नका. पोस्टर टेबलावर राहू द्या, वरचा थर दोन्ही हातांनी कडेला धरून पुस्तकाचं पान उलटावं तसा उलटा. शेवटी केलेली घडी आधी उघडायची. प्रत्येक घडीनंतर वर टीपकागद आणि हलकं वजन ठेवून काही तास थांबा. पूर्ण उघडल्यावर टीपकागदांच्या दोन तावांमध्ये ठेवून वर सपाट प्लायवूड आणि सगळीकडे सारखं पडेल असं वजन, दोन ते तीन आठवडे. घडीची रेघ पूर्ण जाणार नाही, जायची गरजही नाही. इस्त्री कधीही फिरवू नका: शाई चमकते, चिकटपट्टीचा डिंक वितळून कागदात मुरतो आणि त्याचा तेलकट डाग मग कुणालाच काढता येत नाही. पाण्याचा फवाराही नको, पाण्याच्या डागाला कडेला तपकिरी रेघ येते.

धूळ, फाटलेली कड, चिकटपट्टी

धूळ मऊ ब्रशने मधून कडेकडे झाडा. मळ असेल तर पांढऱ्या व्हिनाइल खोडरबराचा कीस करून पाठीवर बोटाने हलके गोल फिरवा आणि झाडून टाका. छापील बाजूवर हे करण्याआधी कोपऱ्यात अर्ध्या इंचात करून बघा. किसाला रंग लागला तर तिथेच थांबा.

जुनी पारदर्शक चिकटपट्टी ओढू नका. तिचा रबरी डिंक कागदाच्या तंतूंत शिरलेला असतो, पट्टीबरोबर छापील थरच निघतो. पट्टी आपोआप सुकून सुटली असेल तरच उचला. बाकीचं काम कागद-संवर्धकाचं.

छोटी फाट मात्र स्वतः जोडता येते. हवा तो पातळ जपानी तंतूकागद, वजन साधारण १० ग्रॅम प्रति चौरस मीटर, आणि गव्हाच्या शुद्ध स्टार्चची खळ. रस्त्यावर पोस्टर चिकटवायची मैद्याची खळ इथे चालत नाही. मैद्यातलं ग्लुटेन पिवळं पडतं आणि कसरीला बोलावतं. कुरडईचा चीक हाच गव्हाचा स्टार्च, ग्लुटेन बरंचसं धुऊन काढलेला, पण तो आंबलेला असतो आणि त्यात कोंड्याचा अंश राहतो. म्हणून संवर्धनाच्या सामानात मिळणारी शुद्ध पूडच घ्या. एक भाग पूड, चार भाग डिस्टिल्ड पाणी, अर्धा तास भिजवा. गरम पाण्याच्या भांड्यात दुसरं भांडं ठेवून सतत ढवळत २० ते ३० मिनिटं शिजवा. पांढरेपणा जाऊन खळ पारदर्शक दिसायला लागली की झाली. गार करून बारीक चाळणीतून दोनदा काढा आणि पाणी घालून दाट ताकाइतकी पातळ करा. फ्रीजमध्ये ती तीन-चार दिवस टिकते, आंबट वास आला की फेका.

तंतूकागदाची ८ ते १० मिलिमीटर रुंद पट्टी कात्रीने कापू नका. ओल्या ब्रशने रेघ ओढा आणि तिथून ओढून तोडा, म्हणजे कडेला तंतू सुटे राहतात आणि पुढच्या बाजूला वळ उठत नाही. फाटीच्या दोन्ही कडा पाठीकडून जुळवा, पट्टीला खळ लावा, जास्तीची टीपकागदावर टिपून घ्या आणि पट्टी बसवा. वर न चिकटणारं पॉलिएस्टर कापड, त्यावर टीपकागद, काच आणि एक-दोन किलो वजन. १५ मिनिटांनी टीपकागद बदला, मग २४ तास हात लावू नका. पट्टीभोवती कागद सुरकुतला तर खळ पातळ होती किंवा जास्त लागली. पट्टी सुटून वर आली तर वजन लवकर काढलं.

फेव्हिकॉल, लॅमिनेशन, फोम बोर्डवर चिकटवणं, हे तिन्ही कायमचं नुकसान आहे, परत निघत नाही. कापडावर बसवणं वेगळं. आधी मऊ कागद, मग सुती कॅनव्हास, स्टार्चच्या खळीने, म्हणजे पाण्याने पुन्हा सोडवता येईल असं. चौक पार तुटलेले असतील आणि पोस्टर लावायचंच असेल तर ते करून घ्यावं. ठीक अवस्थेतल्या पोस्टरावर करू नये. पाठीवरचे शिक्के, हस्तलेखन आणि पिकलेले चौकोन सगळे झाकले जातात, आणि वर सांगितलेला अर्धा पुरावा त्यांच्याबरोबर जातो.

पावसाळ्यात साठवण

जागा कमी असेल तर पोस्टर घडीतच ठेवायला काही हरकत नाही. वारंवार उघडमीट करू नका एवढंच. आम्लरहित कागदाच्या फोल्डरमध्ये एक पोस्टर, त्याला आधार म्हणून आम्लरहित पुठ्ठा. प्लास्टिक वापरायचं तर पॉलिएस्टरचं पाकीट, पीव्हीसी नाही. पीव्हीसीतून सुटणारी द्रव्यं शाई ओढून घेतात. पाकिटाची एक बाजू उघडी राहू द्या.

लोखंडी कपाट बाहेरच्या भिंतीला टेकलेलं नको, जमिनीपासून वीतभर वर हवं. फोल्डर कपाटात बंद डब्यात ठेवत असाल तर १० लिटरच्या डब्याला साधारण २०० ग्रॅम रंग बदलणारं सिलिका जेल आणि आत एक छोटा आर्द्रतामापक. आकडा ४०च्या खाली गेला तर थोडं जेल काढा, ६०च्या वर गेला तर तापवून सुकवून परत घाला. ६५च्या वर बुरशीचा धोका सुरू होतो. डांबरगोळ्या डब्यात नकोत. जून ते सप्टेंबर दर पंधरा दिवसांनी डबा उघडून कडा बघा. कसरीने खरवडलेली जागा आधी कडेला आणि खळ असलेल्या पट्टीवर दिसते.

फ्रेम करायची तर अतिनील रोखणारं ॲक्रिलिक, आणि पोस्टर व ॲक्रिलिक यांच्यात किमान पाच मिलिमीटर अंतर, नाहीतर दमट हवेत शाई चिकटते. प्रकाश ५० लक्सच्या आसपास, पावसाचा मारा बसणारी भिंत वर्ज्य. तीन-चार महिने लावा, मग उतरवून दुसरं लावा.

प्रत्येक पोस्टराची नोंद फोल्डरवर २बी पेन्सिलीने करा, पोस्टरावर नाही: माप, खालच्या कडेचा आकडा आणि संघटनेचा शिक्का जसाच्या तसा, वितरकाचं नाव आणि पत्ता, पाठीवर काय लिहिलं आहे, कुठे दुरुस्ती आहे, कधी कुणाकडून किती रुपयांना घेतलं. छापलेली सगळी नावं, टोपणनावांसकट, उतरवून ठेवा. सिनेमा दुसऱ्या शीर्षकाने पुन्हा लागला होता का, हे बहुधा वितरकाच्या पत्त्यावरून आणि कलाकारांच्या त्या टोपणनावांवरूनच जुळतं.